गुरुवारी छापलेला रविवार

भांडुपचा नंदकिशोर बँकेतून निवृत्त झाला आणि एका वर्तमानपत्राच्या रविवार पुरवणीत ताज्या विषयांवर स्फुटं लिहू लागला. ताजी म्हणजे बुधवारी पाठवलेली. पुरवणी गुरुवारीच छापून तयार असते. वाचकांना बापड्यांना वाटतं, गृहस्थाने आज सकाळी चहा घेता घेता लिहिलं.

शेजारच्या बिल्डिंगमधला जयवंत त्याचा चाळीस वर्षांचा दोस्त. रोज डोकं खायचा, "मेल्या, माझ्यार कधी लिवतलंस?" शेवटी पितृपंधरवड्याचं निमित्त साधून नंदूने लिहिलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून भांडणाऱ्या जयवंतची यथेच्छ टिंगल केली आणि वर ठोकून दिलं, 'उद्या हा गेला, तर पार्किंगचा निकाल लागेपर्यंत पिंडाला कावळा शिवायचा नाही.' स्वतःच्या विनोदावर स्वतःच खूश. लिहिणाऱ्यांना हा रोगच असतो.

शुक्रवारी दुपारी जयवंतच्या छातीत कळ आली. हॉस्पिटलात पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

स्मशानातूनच नंदूने पुरवणी बघणाऱ्या श्वेताला फोन लावला. ती बिचारी रडवेली झाली. "काका, काल छापून झालं हो. गठ्ठे गेलेसुद्धा. मी काहीच करू शकत नाही." नंदूला दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. जयवंतच्या बायकोच्या, सुलक्षणावहिनींच्या हाती तो पेपर पडता कामा नये, एवढं एकच डोक्यात होतं.

रविवारी उजाडता उजाडता तो पेपरवाल्या गुणाजीकडे गेला.

"जयवंतच्या घरी आज पेपर टाकू नकोस. हवं तर अख्ख्या बिल्डिंगचे मी घेतो."

"जयवंतकाकांचा भाऊ मघाशीच घेऊन गेला ना सर." गुणाजीने सुतळीने बांधलेला गठ्ठा पुढे सरकवला. "आणि हे वीस जयवंतकाकांनी गुरुवारी सांगून ठेवलेले. दोस्ताने माझ्यावर लिहिलंय, गावाला पाठवायचेत म्हणाले. आता कोणाला देऊ?"

नंदूने गठ्ठा घेतला. तेवढ्यात फोन वाजला. सुलक्षणावहिनी होत्या.

"भावोजी, आज आलंय ना तुम्ही लिहिलेलं? हे सगळ्यांना सांगत फिरत होते." त्यांचा आवाज बसला होता. "आम्ही कोणी उघडलं नाही अजून. पाहुणे जमलेत. तुम्ही या आणि तुम्हीच वाचून दाखवा."

"वहिनी, आज नको..."

"आजच. तेवढंच बरं वाटेल हो आम्हाला."

"येतो," नंदू म्हणाला.