पोह्यांचा तास

उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये मायाताईंचा जीन्स शिवायचा छोटा कारखाना आहे. परवा तिथे शलाका नावाची मुलगी आली. व्हिएतनाम, बांगलादेश आणि आपल्याकडे अशा कारखान्यांत माणशी किती काम निघतं, याच्या तुलनेसाठी ती इथलं काम मोजत होती. त्यावरून सरकार मदत ठरवणार होतं.

मायाताईंची रीत अशी, की दारी पाहुणा आला की हातातलं काम बाजूला. त्यांनी सगळ्या मशीन बंद करायला लावल्या, पोहे केले आणि शलाकाला आग्रह करकरून खाऊ घातले.

तास उलटल्यावर शलाका संकोचून म्हणाली, "ताई, या वेळात एकही पॅन्ट झाली नाही. तुमचा आकडा सगळ्यांच्या खाली जाईल. तसं बरंच आहे म्हणा, मदत जास्त मिळेल."

मायाताईंचा पारा चढला. "फुकटची कीव नको मला. बस खाली, पुन्हा मोज."

मशीन धडधडू लागल्या. बायकांचे हात असे सरसर चालले, की शलाका मोजायचं विसरून बघतच राहिली. तेवढ्यात लाईट गेली आणि सगळं गप्प झालं.

पदराने वारा घेत मायाताई म्हणाल्या, "मघाचा तास माझ्या पाहुणचारात गेला, तो माझ्या नावावर लिही. हा कुणाच्या नावावर लिहायचा, ते सरकारला विचार."