मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

माझ्याकडं सात वाट्यांचा मिसळणाचा डबा होता आणि त्यात मसाला नव्हता. पुढचं सगळं त्या डब्यातून निघालं, म्हणून त्याचं आधी सांगतो.

डबा आक्कानं दिलेला, माझ्या वास्तुशांतीला. आक्का माझी थोरली बहीण, औशाजवळच्या गावात दिलेली. मी नांदेडला एका शाळेत क्लार्क. बायकोकडं मसाल्याचा डबा आधीच होता, म्हणून हा मी घेतला आणि त्यात गोळ्या ठेवायला लागलो. अख्खी पट्टी वाटीत मावायची नाही. मग कात्रीनं एकेक गोळी सुटी कापायची, कोपरे गोल करायचे, कुणाच्या बोटाला टोचू नयेत म्हणून. कापताना पट्टीवरचं नाव, मुदतीची तारीख, सगळं अर्धंमुर्धं तुटून कचऱ्यात जायचं. त्याची मला फिकीर नव्हती. वाट्यांवर मी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठ्या डकवल्या होत्या : ताप, सर्दी, अंगदुखी, पित्त. अक्षर माझं चांगलं आहे, पंचवीस वर्षं दाखले लिहितोय.

गल्लीत त्यामुळं मला मान होता. समोरच्या चाची कुंपणावरूनच म्हणायच्या, "डॉक्टरसाब, वो सर्दीवाली कटोरी खोलो जरा." मी खोलायचो. मी तसा अबोल माणूस, माझ्याकडं कुणी गप्पा मारायला येत नाही. गोळ्यांसाठी यायचे, आणि मला ते फार आवडायचं. हे आज पहिल्यांदाच कबूल करतोय.

दोन वर्षांमागं येळवशीला चार दिवस आधीच रजा काढून आक्काकडं गेलो. आमच्याकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा दिवाळीहून मोठा सण. त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही, सगळं गाव शेतात. कडब्याच्या खोपीत पूजा, मग नाना भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे उंडे आणि माठातली ताकाची आंबील. वाटेनं जाणारा अनोळखी माणूससुद्धा हाताला धरून जेवायला बसवतात. आक्काच्या शेतात आंबील वाटायचं काम दाजींचं, म्हणजे आक्काच्या नवऱ्याचं. ते काम त्यांनी कधी पोरांच्या हाती दिलं नाही.

मी पोचलो तर दाजी गोधडीत. अंगात ताप, नाक गळतंय, हातपाय ठणकतायत.

"लातूरला दाखवू," मी म्हणालो.

"आमुशा झाल्यावर बघू. मला परवाच्या परवा आंबील वाटायची हाय. तू एवढा डाक्टर आलाच हायस घरात, तर काढ की तुझा डबा."

मी डबा काढला. तापाची दिवसातून चार वेळा, सर्दीची तीन वेळा, अंगदुखीची तीन वेळा. कागदावर वेळापत्रक आखून दाराला चिकटवलं. आक्कानं वाचून विचारलं, "एवढ्या चालत्यात व्हय रे? वेगळ्या हायत न्हवं ह्या?"

"तीन दुखणी, तीन गोळ्या," मी म्हणालो. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. फार शहाणा आवाज होता.

दाजींचा ताप उतरला. पण तिसऱ्या दिवशी पोटात काही ठरेना, उलट्या सुरू झाल्या, उजव्या बरगडीखाली दुखतंय म्हणाले. भाकरीकडं बघवेना. येळवशीच्या आदल्या दिवशी सकाळी भावकीतल्या एकाची गाडी काढून लातूर गाठलं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, "घरी काय दिलं होतं?"

"तापाची एखाद-दुसरी गोळी," दाजी बोलले. दुखणं कमी करून सांगायची त्यांना सवय.

त्यांना रक्त काढायला पाठवून बाई माझ्याकडं वळल्या. "पॅरासिटामॉल एकूण किती गेलं असेल? सर्दीच्या आणि अंगदुखीच्या बऱ्याच गोळ्यांतही तेच असतं, म्हणून विचारते. तसल्या काही दिल्या का?"

डबा माझ्या मांडीवरच्या पिशवीत होता. काचेच्या बंद दाराबाहेरून आक्का माझ्याकडंच बघत होती. मी म्हणालो, "नाही. तापाचीच."

इतकं सरळ खोटं मी नोकरीतही कधी बोललो नव्हतो.

दाजी अजून रक्त काढून आले नव्हते. मी आणि आक्का बाहेर बाकावर बसलो. ती म्हणाली, "तू हायस म्हणून धीर हाय बघ." आणि चहा आणायला गेली. ती वळल्यावर मी डबा उघडला. चष्मा वर करून एकेका गोळीच्या मागचा चंदेरी कागद बघायला लागलो. कात्रीतून वाचलेली अक्षरं होती. तापाच्या गोळीवर 'पॅरासि' एवढंच. सर्दीच्या गोळीवर 'सिटामॉल'. अंगदुखीच्या चार गोळ्या जोडून बघितल्या तेव्हा त्यांच्यावरही तेच नाव पुरं झालं. तीन वाट्या मी दुखण्याप्रमाणं लावल्या होत्या. आत काय आहे ते बघून लावल्या नव्हत्या.

त्यानंतरही मी लगेच उठलो नाही. आक्का चहा देऊन दाजींकडं गेली, मी अर्धा तास बसून राहिलो. दाजींपेक्षा मला माझ्या गल्लीची, चाचींची, त्या चिठ्ठ्यांची काळजी वाटत होती. आक्काला काय सांगू, हे मनात घोळत होतं. शेवटी उठवलं ते तिच्याच वाक्यानं. धीर माझ्यावर टाकला होता तिनं.

आत जाऊन मी टेबलावर डबा ठेवला आणि दाराचं वेळापत्रक तोंडपाठ सांगितलं.

बाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी कागदावर बेरीज केली. "दिवसाला पाच ग्रॅमच्या वर गेलंय, तेही पोटात अन्न नसताना. धडधाकट मोठ्या माणसालाही सगळं मिळून दिवसाला चारच्या वर जाऊ द्यायचं नसतं, आणि आजारी, उपाशी, दारू पिणारा किंवा लिव्हरचा त्रास असणारा असेल तर त्याहून कमी. औषध वाईट नाही हो, नीट घेतलं तर चांगलं आहे. पण तुम्ही एकच औषध तीन दारांनी आत घातलंत."

मग त्यांनी नर्सला हाक मारून उताऱ्याचं सलाईन लावायला सांगितलं. मला म्हणाल्या, "आत्ता सांगितलंत ते बरं केलंत. यात माणसाला मध्येच बरं वाटायला लागतं आणि लिव्हर आतून बिघडत असतं. उद्या सांगितलं असतं तर उशीर झाला असता."

"बाहेर सांगू नका," मी हळूच म्हणालो.

"मी पेशंटचं बघते," त्या म्हणाल्या. "घरी सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

ती येळवस वॉर्डात झाली. दुपारी अख्खी भावकी डबे घेऊन हजर. दाजींना बाईंनी पेजेवर ठेवलेलं. पण हाताला सुई असताना उशीला टेकून त्यांनी वाढपाचा ताबा घेतलाच. "त्या खाटवाल्या म्हाताऱ्याला भज्जी घाला. आन सिस्टरबाईला आंबील. जिरं वर आलं पाहिजे, ढवळून द्या." शेजारचा पेशंट लोहाऱ्याचा होता, तो म्हणाला, "पाव्हणं, पुढल्या साली बी हितंच येळवस ठेवा." पाचव्या दिवशी रक्ताचे रिपोर्ट जागेवर आले आणि दाजी घरी आले.

त्यानंतर माझे दिवस वाईट गेले, कारण माझं फार कौतुक झालं. आक्का भेटेल त्याला सांगायची, "माझ्या भावानं टायमाला नेलं म्हणून कुंकू वाचलं." भावकी जमवून तिनं मला टॉवेल-टोपीचा आहेर केला. टोपी घालून फोटो काढला. तो टॉवेल मी कपाटात ठेवला, एकदाही अंगाला लावला नाही. नांदेडला कुणी गोळी मागितली की संपल्या म्हणायचो.

पुढच्या येळवशीला पुन्हा शेतात गेलो, पिशवीत रिकामा डबा आणि तो कोरा टॉवेल घेऊन. पंगत बसली. आंबील देत देत दाजी माझ्यापाशी आले आणि मोठ्यानं म्हणाले, "हे आमचे डाक्टर. हेनीच वाचवलं आम्हाला."

तांब्या माझ्या ओठाला लागला होता. खाली ठेवला आणि म्हणालो, "दाजी, आजारी मीच पाडलं होतं." मग डबा, कात्री, तीन वाट्या, डॉक्टरीणबाईंना मारलेली थाप, बाकावरचा अर्धा तास, सगळं सांगितलं. मी एवढा वेळ सलग कधी बोललो नव्हतो.

आक्काचा पळा पातेल्यातच राहिला. दाजींनी हातातलं आंबिलीचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाले, "म्हंजे बघ, आपल्या भज्जीत पन्नास जिनसा आन नाव एक. ह्याच्या डब्यात जिनस एकच, नावं तीन."

पंगत हसली. आक्का हसली नाही.

"वर्षभर म्या लोकाला खोटं सांगत हिंडले व्हय?" ती म्हणाली.

"हाव."

"टोपी घालून फोटो काढलास."

"हाव."

तिनं भज्जी ढवळून घेतली. मग विचारलं, "डबा कुठाय?"

"पिशवीत."

"आण इकडं. मसाल्याचा डबा हाय त्यो." तिनं वाट्या उलट्या करून बघितल्या, चिठ्ठ्या नखानं खरवडल्या. "तुझ्या गोळ्या आता कशात हायत?"

"अख्ख्या पट्ट्या, एका खोक्यात. घेताना आधी आतल्या औषधाचं नाव वाचतो. त्या नावाची एक पोटात असली की दुसरी त्याच नावाची घेत न्हाई. चार-सहा तासांनी, ते बी मोजून. लागलीच तर डॉक्टरला विचारून."

"मग एवढं आधी कळलं नव्हतं?"

मी खरवडलेल्या चिठ्ठ्या मुठीत गोळा केल्या.

दुपारी रिवाजाप्रमाणं शेजारच्या शेतात बोलावणं आलं. तिथल्या बाईनं आंबील पुढं करत विचारलं, "हेच का हो ते, मालकाला वाचवणारे भाऊ?" मी आक्काकडं बघितलं.

"हेच," आक्का म्हणाली. "आधी ह्यानंच गोळ्या चारून पाडलं, मग ह्यानंच डाक्टरला कबूल केलं. तोंड उघडायला अर्धा तास लावला."

"आन आपल्याला सांगायला वरीस," दाजी म्हणाले, आणि माझा तांब्या पुन्हा भरला.

त्या टॉवेलनं मी त्याच दिवशी विहिरीवर तोंड पुसलं.