काऊचा घास सोडून

आमची मुलगी दीड वर्षाची असताना तिची आई विषमज्वराने गेली. आम्ही तेव्हा डोंबिवलीला राहत होतो. चाळीतल्या दोन खोल्या, मागे भातखाचरं. मी ठाण्याला शाळेत शिकवत असे. स्वातंत्र्य मिळून फार दिवस झाले नव्हते आणि रेशन चालूच होतं.

तिची आई मुलीला कसं जेवू घालायची ते मला अजून नीट आठवतं. रेशनचा तांदूळ जाड आणि कुबट असे, तो आम्ही दोघं खात असू. मुलीसाठी कल्याणहून तिची मावशी थोडा जुना आंबेमोहर पाठवी. त्याचं मुगाच्या डाळीबरोबर खिमट करायचं, चिमूटभर हिंग-हळद, वर लोणकढं तूप, आणि मग ते बोटांनी इतकं मोडायचं की एक शीत अख्खं राहू नये. सकाळी दुधात शिजवलेलं नाचणीचं सत्त्व. दुपारी झोपून उठल्यावर दुधात भिजवलेल्या साळीच्या लाह्या, नाहीतर कुस्करलेलं केळं. यात विशेष काही नव्हतं, घरोघरी हेच असे. भरवताना ती म्हणे, हा घास काऊचा, हा चिऊचा, हा माऊचा, हा बाबांचा, आणि हा आईचा. आईच्या घासाला मुलगी एवढा मोठा आ करी की मी वाचता वाचता मान वर करून बघत असे.

दहाव्याला आम्ही खाडीच्या काठी पिंड मांडले. कावळे समोरच्या झाडावर बसले होते, पण खाली येईनात. ऊन चढलं. भटजी म्हणाले, "जीव कशात तरी अडकलाय. बोला काहीतरी."

माझे सासरे पाण्याकडे बघत म्हणाले, "कशात अडकणार आणखी? पोरीत."

मी हात जोडले आणि मोठ्याने म्हणालो, "मुलीच्या खाण्यापिण्याची आबाळ होऊ देणार नाही." थोड्या वेळाने एक कावळा उतरला. त्याने भातात चोच खुपसली, मान झटकली, पुन्हा खुपसली. मंडळी सुटल्यासारखी उठली. माझा या गोष्टींवर तेव्हाही विश्वास नव्हता. पण शब्द दिला होता, आणि ऐकणारं कोणी असो वा नसो, तो मला पाळायचा होता.

तेराव्यानंतर नात्यातल्या बायका आपापल्या घरी गेल्या. मी खिमट शिजवलं, मुलीला मांडीवर घेतलं आणि पहिला घास उचलला. "हा घास," एवढं म्हणालो आणि पुढचा शब्द तोंडातून निघेना. ती भातातली चोच दिसू लागली. "हा घास पोपटाचा," मी म्हणालो.

मुलीने माझ्याकडे पाहिलं. "काऊ," ती म्हणाली. मी पुन्हा पोपट म्हणालो. तिने ओठ मिटून घेतले.

शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या. मी शाळेत गेलो की त्याच मुलीला सांभाळणार होत्या. "अहो मास्तर, पोपट कुठून काढलात? आपल्याकडे पहिला मान काऊचा."

"काऊ नको, काकू."

"का? त्याने काय तुमचं घोडं मारलंय?" असं म्हणाल्या आणि लगेच गप्प झाल्या. आत येऊन त्यांनी माझ्या हातातली वाटी घेतली. काऊचा गेला, चिऊचा गेला. माऊचा, बाबांचाही गेला. मग पाचवा घास बोटांत धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मुलगी आ करून बसली होती.

"हा... हा मामाचा," काकू म्हणाल्या.

मुलीने तोंड मिटलं आणि ती स्वयंपाकघराच्या दाराकडे वळून बघत बसली.

त्यानंतर मी मन लावून शिकलो. रव्याची पातळ खीर, तुपात कुस्करलेलं रताळं, लाह्यांचं पीठ दूध-गुळात कालवून. सकाळी शाळेला जाण्याआधी करत असे आणि परत आल्यावर पुन्हा. काकू म्हणत, "मास्तर, तुमच्या खिमटापुढे आमच्या सुनेचं फिकं हो! ये गं, शिकून घे यांच्याकडून." सून पदर तोंडाला लावून हसे. खिमट खरंच चांगलं होत असे. मुलगी दोन घास खाई, तिसऱ्याला मान फिरवी. हातातल्या काळ्या मण्यांच्या मनगट्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. डॉक्टरांनी पोट तपासलं, जीभ पाहिली. म्हणाले, "आजार काही नाही. पोरगी खात नाही, एवढंच."

मला वाटत होतं, अडतं आहे ते माझ्या जिभेशी. म्हणून एका रविवारी मी मन घट्ट करून सगळं क्रमाने म्हणालो. काऊचा. चिऊचा. माऊचा. बाबांचा. आणि मग, आईचा. मुलीने पूर्वीसारखा मोठा आ केला, घास गिळला आणि विचारलं, "आई?" मी पुढचा घास उचलला. तिने पुन्हा विचारलं. दुसऱ्या दिवशी आईचा म्हटल्यावर तिने तोंड उघडलं नाही. त्यानंतर कधीच नाही. माझ्याजवळ दुसरा शब्द उरला नव्हता.

कल्याणची मावशी आली, तिने मुलीचा फ्रॉक वर करून बरगड्या पाहिल्या. "भावोजी, हिला मी नेते. अंग धरलं की आणून सोडीन." मी तिचे कपडे आणि उरलेलं सत्त्व बांधून दिलं.

पुढच्या रविवारी गेलो तर मावशीच्या तीन मुलांबरोबर एकाच ताटाभोवती आमची मुलगी बसली होती आणि दोन्ही हातांनी वरणभात तोंडात कोंबत होती. शेजारी बसलेल्या मावसभावाने पापडाला हात लावला तर किंचाळली.

"भरवायला इथे वेळ कोणाला आहे?" मावशी म्हणाली. "तुम्ही दोघं तिला देवासारखा नैवेद्य दाखवत बसलात. इथे हात आखडला की दुसरा पळवतो. कळलं तिला बरोबर."

मी हसलो. दर रविवारी जात राहिलो. तिचे गाल भरले, मनगट्या घट्ट झाल्या, त्या काढून ठेवाव्या लागल्या. मी म्हणे, "आता नेऊ का?" मावशी म्हणे, "नेऊन काय कराल? पुन्हा हाडं दिसायला लागतील." खाडीवर मी खाण्यापिण्याचंच बोललो होतो, आणि ते इथे होत होतं.

वर्षभर असं चाललं. एका रविवारी मी उन्हातून आलो होतो. मावशीने मुलीच्या हातात पेला दिला. "जा, बाबांना पाणी नेऊन दे."

दोन्ही हातांनी पेला धरून, ओठ आवळून, ती सांभाळून चालत आली. माझ्या गुडघ्यांना वळसा घालून पुढे गेली आणि खुर्चीत बसलेल्या मावशीच्या यजमानांपुढे पेला धरला.

ते गोंधळले. "अगं, मला नाही. त्यांना दे."

मुलीने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा त्यांच्याकडे पाहिलं. मग पेला जमिनीवर ठेवून आत पळाली. आत पोहे झाले होते. तिने ते चाटूनपुसून खाल्ले आणि आणखी मागितले. मी पाणी प्यालो. तिला नेण्याचं त्यानंतर मी कधी विचारलं नाही.