पणजोबांनी लावलेलं आडनाव
अंबाडीच्या भाजीवर लसणाची फोडणी पडली, की मला भोकरजवळच्या एका खेड्यातली दुपार आठवते. आमच्या आडनावाचं मूळ शोधत वडील आणि मी लातूरहून तिथं गेलो होतो. त्याच आडनावाच्या एका घरी म्हाताऱ्या बाईंनी आम्हांला आधी जेवायलाच बसवलं. ज्वारीची गरम भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर करडईचं तेल. जेवताना वडिलांनी आपल्या आजोबांचं, म्हणजे माझ्या पणजोबांचं, नाव सांगितलं, तशा त्या म्हणाल्या, "तुमचा आजा आमच्या रक्ताचा न्हाई, दादा. मायबाप साथीत गेले, तवा आमच्या घरातल्या एका विधवा बाईनं त्याला लेकरू म्हणून सांभाळलं. माझी सासू सांगायची." बाई पुढं सांगत गेल्या. पणजोबा मोठे झाल्यावर त्यांचे चुलते निलंग्याहून न्यायला आले होते. आमचं आडनाव लाव, जमिनीचा वाटा देतो, म्हणाले. "तुमचा आजा म्हणला, माझी माय हितं हाय, मी तिचंच आडनाव लावणार." मग पणजोबा जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबले, पण त्या माउलीला त्यांनी शेवटपर्यंत अंतर दिलं नाही. "मग आमचं खरं आडनाव कोणतं?" वडिलांनी हळूच विचारलं. "त्यानं लावलं तेच की," बाई म्हणाल्या. वडिलांनी वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. आता मी लेकीसाठी आमची वंशावळ लिहितोय, आणि पणजोबांच्या वर, आईच्या जागी, त्या माउलीचं नाव घातलंय.