वास येत नाही

प्रभावती गजभियेंना प्रयोगशाळेत सगळे प्रभाताई म्हणत आणि त्यांच्या नाकाला मशीन म्हणत. इंदुरातल्या भंवरकुआंजवळच्या, सरकारी अनुदानावर चालणाऱ्या त्या प्रयोगशाळेत त्यांना एकोणीस वर्षं झाली होती, पण त्या कायम काही झाल्या नाहीत. एक प्रकल्प संपला की दुसऱ्यावर नाव चढायचं. आधी सोयाबीनचं पीठ, मग मसाल्यांतली भेसळ, आणि आता तीन वर्षं शेव. इंदूरच्या छोट्या कारखानदारांची शेव महिना-दीड महिन्यात खवट होते, म्हणून लांबच्या बाजारात जात नाही. तिळाचा अर्क घातला तर ती तीन महिने टिकते का, हे शोधायला दिल्लीने पैसे दिले होते. मार्चअखेर अहवाल गेला आणि तिकडे पटला, तर योजनेला आणखी दोन वर्षं. नाहीतर प्रभाताईंसकट सगळ्यांना रामराम.

तळणीचं तेल कितपत बिघडलं ते मोजणारं यंत्र दुसऱ्याच वर्षी बंद पडलं. दुरुस्तीचा हप्ता मंजूर झाला, आला मात्र नाही. मग दर पंधरवड्याला पाकिटं फोडायची, सात जणांनी हुंगायची, चाखायची आणि कागदावर लिहायचं असं ठरलं. सातांतले सहा जण आसपासच्या होस्टेलांतले विद्यार्थी. मेसचं जेवून कंटाळलेल्या त्या पोरांना सगळीच शेव झकास लागायची. लिहिण्याआधी ते प्रभाताईंच्या कागदाकडे डोकावत. माल चांगला असला की प्रभाताई लिहीत, 'वास येत नाही'. बिघडला असला की लिहीत, 'खवट'. हा शब्दही पोरं त्यांच्याकडूनच शिकली होती.

दिवाळीनंतर त्यांना आठ दिवस ताप आला. ताप उतरल्यावर सकाळी बुद्धमूर्तीपुढे उदबत्ती लावली, तर धूर दिसला आणि बाकी काहीच नाही. तुकोगंजच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. "वास येईल, मावशी. नाहीही येणार. कुछ कह नहीं सकते."

त्यानंतरच्या हुंगण्या-चाखण्याच्या पहिल्या पाळीला प्रभाताईंनी पाकीट फोडून नाकाशी धरलं. पुठ्ठा हुंगावा तसं. शेव कुरकुरीत होती, रंग ठीक होता. त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं, 'वास येत नाही'. पुन्हा वाचून पाहिलं. यात खोटं काय आहे, असं स्वतःलाच विचारलं. शेजारी सहा पेनं तेच लिहीत होती.

अशा पाच पाळ्या झाल्या.

घरी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पण एका सकाळी त्या ओट्याशी उभ्या राहून भाजी चिरत होत्या आणि हातभर अंतरावर दूध करपत होतं. संबोधी, त्यांची सून, आतल्या खोलीतून धावत आली.

"आई, अहो, पूरे घर में वास भरलाय. तुम्ही इथेच तर उभ्या आहात."

"लक्ष नव्हतं गं."

संबोधीने गॅस बंद केला. मग फडताळातून हिंगाची डबी काढून झाकण उघडलं आणि त्यांच्या नाकाखाली धरली. प्रभाताईंचं नाक जराही आक्रसलं नाही.

"कधीपासून?"

"तापानंतर."

"आणि लॅबमध्ये काय लिहिता मग?"

प्रभाताईंनी चिरलेली भाजी पुन्हा चिरायला घेतली.

नव्वदाव्या दिवसाची शेवटची पाळी त्याच आठवड्यात होती. धनेश सकाळपासून येऊन बसला होता. प्रयोगाची शेव त्याच्याच कारखान्यातली. त्याने नवं पाकीट छापून आणलं होतं, वर मोठ्या अक्षरांत 'नव्वद दिवस ताजी'.

"काकीजी, तुमची सही झाली की माल सीधा गुवाहाटी. बायकोला म्हटलं, सरकारचा शिक्का राहू दे, आपल्याला काकींच्या नाकाचा शिक्का आहे."

पोरं हसली. प्रभाताईंनी पाकीट फोडलं, कागद पुढे ओढला आणि पेन तसंच ठेवून दिलं. धनेशच्या मालावर तिकडे परमुलखात कुणी थुंकेल, हे त्यांच्या डोळ्यांपुढे आलं.

"मॅडम, जरा आत येता?" त्यांनी विचारलं.

अनुश्री मॅडम प्रकल्पाच्या प्रमुख, वयाने त्यांच्या मुलीसारख्या. दार लावून प्रभाताईंनी सांगितलं. मॅडम बाहेर गेल्या, ते पाकीट घेऊन आल्या आणि त्यांनी स्वतः हुंगलं.

"खवट आहे," त्या म्हणाल्या. "साठाव्या दिवशीही मला असंच वाटलं होतं. तुम्ही लिहिलं नव्हतं, म्हणून मी माझंच नाक खोटं धरलं."

"मी खोटं नाही लिहिलं, मॅडम," प्रभाताई म्हणाल्या, आणि मग, "लिहिलं."

"मला नुसतं सांगायचं ना, ताई. नमुने सांभाळायला, नोंदींना माणूस लागतंच. मी तुम्हाला काढलं असतं असं वाटलं?"

प्रभाताईंना तसंच वाटलं होतं. एकोणीस वर्षांत त्यांनी किती साहेब पाहिले होते.

धनेशला मॅडमनीच सांगितलं. त्याने छापलेलं पाकीट हळूहळू गुंडाळलं. "कोई बात नहीं, काकीजी," म्हणाला आणि चहा न घेता गेला.

दुपारी मॅडमनी पाचही पाळ्यांचे कागद प्रभाताईंपुढे ठेवले. खाडाखोड चालणार नव्हती, दुरुस्ती करून खाली सही करायची होती. दुरुस्ती एकाच शब्दाची निघाली. प्रत्येक कागदावर 'वास येत नाही'च्या आधी त्यांनी लिहिलं, 'मला'.

अहवालात 'निष्कर्ष काढता येत नाही' असं गेलं, आणि एप्रिलात मुदतवाढ नाकारल्याचं पत्र आलं. शेवटच्या दिवशी कपाटं रिकामी करताना मॅडम म्हणाल्या, "ताई, एक करा. खवट कसं ओळखायचं ते पानभर लिहून द्या. उद्या कुणाला प्रकल्प मिळाला तर कामी येईल."

प्रभाताई खिडकीजवळच्या टेबलाशी बसल्या. वर 'खवट' लिहून खाली रेघ मारली. जुन्या तेलासारखा, असं लिहिलं. मग जुन्या तेलाचा वास कसा होता ते आठवू लागल्या. मॅडम दोनदा येऊन बघून गेल्या. पाच वाजता शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा पानावर तेवढंच होतं.