ऑटोमेशनला सापडलेलं बटण

“मॅडम, आपका रिपोर्ट ग्रीन है ना? बस. मतलब वो लड़की झूठ बोल रही है.”

डॉक्टर मुरली लॅपटॉपच्या पडद्यावरून हे म्हणाले आणि माझ्या शेजारी बसलेल्या कौस्तुभने मान डोलावली. कौस्तुभ माझा मॅनेजर. मूळचा पुण्याचा. क्लायंट काहीही म्हणाला तरी आधी मान डोलवायची आणि मग अर्थ लावायचा, ही त्याची पद्धत. मला मात्र काही कळेना. कोण लड़की? आणि तिच्या खरंखोटं बोलण्याचा माझ्या रिपोर्टशी काय संबंध?

संबंध होता. डॉक्टरांचा हैदराबादेत कोठीला डोळ्यांचा दवाखाना आहे, आणि त्यांचा अपॉइंटमेंटचा ऑनलाइन फॉर्म आमच्या कंपनीने बनवला होता. नाव, वय, फोन नंबर, तारीख लिहायची आणि खाली ‘बुक करा’ हे बटण दाबायचं. फॉर्म सुरू होऊन बरेच महिने झाले तरी काउंटरवरची गर्दी काही हटेना. लोक फॉर्म उघडत होते, अर्धा भरत होते आणि सोडून देत होते. डॉक्टरांनी काउंटरवरच्या शाहीनला विचारलं. ती म्हणाली, पेशंट बोलते बटन दबता नै. डॉक्टरांनी स्वतःच्या फोनवर दाबून पाहिलं, दबलं. कौस्तुभने दाबलं, दबलं. मग डॉक्टरांनी निदान केलं. फॉर्म चालला तर काउंटर बंद होईल, म्हणून ही बाईच पेशंटना फॉर्म खराब आहे असं सांगते. पुढच्या महिन्यापासून तिला काढायचं. तिला दाखवायला आमचे रिपोर्ट हवे होते.

रिपोर्ट म्हणजे काय ते सांगते. मी क्यूएमध्ये आहे. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. माझी आई म्हणते, तू घरी फुकट करतेस तेच तिथं करतेस. आता रोज हाताने फॉर्म भरून बघणं शक्य नाही, म्हणून आम्ही ऑटोमेशन लिहितो. म्हणजे एक प्रोग्रॅम रोज सकाळी स्वतःच ब्राउझर उघडतो, फॉर्म भरतो, बटण दाबतो आणि अपॉइंटमेंट मिळाली का ते बघतो. मिळाली तर हिरवं, नाही तर लाल. आमचा डॅशबोर्ड कित्येक आठवडे हिरवागार होता.

कॉल संपल्यावर कौस्तुभ म्हणाला, “तेवढे मागच्या महिन्याचे रिपोर्ट पीडीएफ करून पाठव हं.”

“अरे, रिपोर्ट फॉर्मचा आहे, त्या बाईचा नाही. त्यावरून तिची नोकरी घालवणार का?”

“ते त्यांचं इंटर्नल मॅटर आहे गं. आपण फक्त फॅक्ट्स द्यायच्या.”

“मग फॅक्ट्स बघून येते की. कोठीला जाते उद्या.”

“कोठीला? प्रत्यक्ष? रिमोटली होत नाही का?”

कौस्तुभला हैदराबादेत येऊन काही वर्षं झाली, पण हायटेक सिटी सोडून तो पाहुण्यांना चारमिनार दाखवण्यापुरताच बाहेर पडतो. माझं तसं नाही. आम्ही मूळचे परभणीकडचे, पण बाबांची बँकेतली नोकरी इथली, आणि माझी कॉलेजची सगळी पुस्तकं कोठीच्या फुटपाथवरून घेतलेली. मेट्रोने अमीरपेटला बदलून उस्मानिया मेडिकल कॉलेजला उतरले आणि चालत दवाखान्यात पोचले.

शाहीन काउंटरवरच होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने वर पाहिलं, आणि पाणीसुद्धा विचारलं नाही.

“आपका कंप्यूटरच बोला ना, मैं झूटी हूँ करके? अब आप कायकू आये?”

“देखने आयी हूँ, क्या होता है.”

“देखो. मैं मना करी तो बोलते, छुपारी कुछ.” मग आवाज थोडा खाली आणून म्हणाली, “घर में अम्मी है, बहन डिग्री कररी. कमाने वाली मैं एकच हूँ. सबके सामने झूटी बोल दिये मेरेकू. नौकरी जाती सो अलग.”

तिचा राग बरोबर होता. मी पेशंटच्या बाकावर जाऊन बसले आणि लोकांना फॉर्म भरायला सांगू लागले. आईवडिलांना घेऊन आलेल्या पोरांनी पटापट भरला. बटण दबलं, अपॉइंटमेंट मिळाली. कंप्यूटर खरा आणि शाहीन खोटी, असंच निघतंय की काय?

तेवढ्यात शेजारच्या काकू म्हणाल्या, “तुम्ही मराठी का? फोनवर बोलताना ऐकलं मघाशी. बरं झालं बाई. हे कुठं दाबायचं ते सांग मला.”

काकू सुलतान बाजारच्या. मोतीबिंदू दाखवायला आलेल्या. त्यांनी फोन पुढे केला आणि मी बघतच राहिले. अक्षरं एवढी मोठी केलेली होती की पडद्यावर जेमतेम चार-दोन ओळी मावत होत्या. काकूंनी चिकाटीने नाव लिहिलं, वय लिहिलं, तारीख निवडली. खाली बटणापाशी आलो, तर बटण नाहीच. तिथे लेझर ऑपरेशनवर खास सवलत असा एक बॅनर ठाण मांडून बसलेला. हा बॅनर पडद्याच्या तळाला चिकटवलेला असतो, पान वर सरकवलं तरी तो हलत नाही. साध्या फोनवर ती एक पातळ पट्टी असते. पण काकूंच्या फोनवर बॅनरची अक्षरंही सुजली होती आणि त्याने अर्धा पडदा व्यापला होता. बटण बरोबर त्याच्याखाली. फॉर्म तिथेच संपत असल्यामुळे आणखी वर सरकवायलाही जागा नाही.

“हे बघ,” काकू वैतागून म्हणाल्या, “मी तारीख मागते नि हे मला ऑपरेशन विकतंय.”

मी मान वर करून हॉलभर नजर फिरवली. ज्या त्या पेशंटच्या हातात तसलाच फोन, ढब्बू अक्षरांचा. डोळ्यांचा दवाखाना होता तो! ज्यांना नीट दिसतं ते इथे कशाला येतील? आणि आम्ही धडधाकट डोळ्यांची पोरं, हायटेक सिटीत बसून, मोठमोठ्या मॉनिटरवर त्यांचा फॉर्म तपासत होतो. मला स्वतःचंच डोकं काउंटरवर आपटून घ्यावंसं वाटलं.

पण एक कोडं उरलंच होतं. आमच्या टेस्टमध्ये एक अगदी चिमुकल्या पडद्याची टेस्टही होती, तिथेही बॅनर बटणावर येणारच. ती तरी लाल व्हायला हवी होती. मी तिथूनच प्रणीतला फोन लावला. टेस्ट त्यानेच लिहिलेल्या. पोरगा हुशार आहे, फक्त कुणाला नाही म्हणता येत नाही त्याला.

“मॅम, वो टेस्ट फ्लेकी था,” तो म्हणाला. “बॅनर आया तबसे.”

फ्लेकी म्हणजे आज पास, उद्या नापास. बॅनर उशिरा उघडला तर पास, वेळेवर उघडला तर नापास.

“फिर क्या किया?”

“फोर्स क्लिक डाल दिया, मॅम.”

इथे मी बाकावरून उठून उभी राहिले. आमचं हे टेस्टिंगचं सॉफ्टवेअर चांगलं शहाणं असतं. बटण दाबण्याआधी ते बघतं, की बटण दिसतंय का, त्याच्यावर दुसरं काही पडलंय का. पडलं असेल तर दाबायला साफ नकार देतं आणि स्वच्छ शब्दांत लिहितं, की मध्ये दुसरं काहीतरी येतंय. फोर्स क्लिक म्हणजे त्याला सांगायचं, बघू बिघू नकोस, दाब. मग ते बॅनरच्या आरपार बटण दाबतं. माणसाच्या बोटाला हे जमत नाही.

“किसने बोला डालने को?”

“कौस्तुभ सर बोले, रिलीज के दिन लाल नहीं दिखना.”

म्हणजे शाहीन जे सांगत होती तेच आमचं सॉफ्टवेअर कधीपासून सांगत होतं. त्याचं तोंड आम्ही बंद केलं, आणि त्या गप्प बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या साक्षीवर एका बाईची नोकरी जाणार होती. संताप संताप झाला माझा.

काकूंना विचारून मी त्यांच्या फोनचा व्हिडिओ काढला. ऑफिसात येऊन आधी फोर्स क्लिक काढून टाकला आणि मग मेल लिहिली. आमचे आधीचे रिपोर्ट चुकीचे आहेत, ते कृपया कुठेही वापरू नयेत, कारण सोबतच्या व्हिडिओत आहे. मेल डॉक्टरांना, आणि कौस्तुभला कॉपी. तो माझ्या टेबलापाशी जवळजवळ धावतच आला.

“मला एकदा दाखवायचंस तरी!”

“दाखवलं असतं तर म्हणाला असतास, इंटर्नल मॅटर.”

“अगं, बॅनर आपला नाहीये. त्यांच्या मार्केटिंग एजन्सीने टाकलाय. टेक्निकली आपला फॉर्म बरोबर आहे.”

“बरोबर आहे रे. भरता येत नाही, एवढंच.”

दुसऱ्या दिवशी कॉल झाला. डॉक्टरांचं एक मानलं पाहिजे. त्यांनी व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला, मग आमच्यासमोरच स्वतःच्या फोनची अक्षरं मोठी करून बटण शोधलं. सापडलं नाही. त्यांनी शाहीनला केबिनमध्ये बोलावून घेतलं.

“सॉरी अम्मा. गलती मेरी थी.”

“सबके सामने बोले थे सर,” शाहीनचा आवाज आला. “सॉरी भी सबके सामने बोलो.”

कौस्तुभने माझ्याकडे पाहिलं. पडद्यावर डॉक्टर उठले आणि बाहेर गेले. आम्ही बराच वेळ त्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसलो. बाहेरून थोडं तेलुगू, थोडं हिंदी ऐकू येत होतं. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण शाहीनला काढायचा विषय संपला होता.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. उरलं होतं ते काम किरकोळ होतं. फॉर्मच्या खाली थोडी मोकळी जागा सोडायची किंवा बॅनर छोटा करायचा. आमच्या डेव्हलपरने चहा पितापिता केलं असतं. पण एजन्सी म्हणाली, जागा फॉर्मवाल्यांनी सोडावी. कौस्तुभ म्हणाला, बॅनर एजन्सीने आवरावा, आपण फुकट बदल केला तर उद्या सगळेच मागतील. डॉक्टर म्हणाले, बॅनरला हात लावू नका, एजन्सीचा रिपोर्ट फार चांगला आहे, सगळ्यात जास्त लोक तिथेच दाबतात.

“डॉक्टर, वो लोग अपॉइंटमेंट का बटन ढूँढ रहे हैं!” मी जवळजवळ ओरडलेच.

“हां, लेकिन कुछ लोग सच में भी लेते हैं पॅकेज,” ते शांतपणे म्हणाले. आणि मग त्यांना उपाय सुचला. “सिंपल है मॅडम. शाहीन काउंटर पे पेशंट के फोन में अक्षर छोटे कर देगी.”

डोळ्यांच्या दवाखान्यात! मोतीबिंदूवाल्यांच्या फोनची अक्षरं छोटी! मी हसावं की रडावं? कौस्तुभ मात्र खुलला. आमच्याकडे प्रत्येक बिघाडाचं एक तिकीट असतं, म्हणजे नोंद. त्यात त्याने लगेच टाकलं, वर्कअराउंड उपलब्ध, प्राधान्य कमी. वर्कअराउंड म्हणजे दुखणं तसंच ठेवून बाजूने काढलेली वाट.

काही दिवसांनी मी मुद्दाम दवाखान्यात गेले. काकू तपासणीला आल्या होत्या.

“आता बटण दिसतंय गं,” त्या म्हणाल्या, “पण वर काय लिहिलंय ते दिसत नाही.”

मग काय करता, विचारलं. त्यांनी काउंटरकडे बोट केलं. शाहीन एकेकाचा फोन घ्यायची, अक्षरं छोटी करायची, नाव-वय विचारून सगळा फॉर्म स्वतः भरायची, बटण दाबायची आणि अक्षरं परत मोठी करून फोन द्यायची. डॉक्टर खुशीत होते, ऑनलाइन बुकिंग वाढलं होतं. तारखेसाठी घरून काउंटरपर्यंत यायची काकूंची खेप मात्र तशीच होती.

मी हट्टाला पेटले. डेव्हलपरला गाठून जागा सोडायचा बदल लिहून घेतला. कौस्तुभला चार शब्द सुनावून मंजूर करून घेईन, एवढी खात्री होती. आणि मोठ्या आनंदाने शाहीनला फोन केला. “हम ठीक कर देंगे. आपको इतना नहीं करना पड़ेगा.”

तिने आधी समोरच्या पेशंटला थांबायला सांगितलं.

“मॅडम, आप अच्छे हैं,” मग म्हणाली. “लेकिन वो ठीक हो गया तो मैं इधर क्या करूँगी?”

डॉक्टरांचा तिच्यावरचा आरोप खोटा होता, पण फॉर्म चालला तर काउंटर बंद होईल हा हिशेब खोटा नव्हता. ते दोन्ही मी एकच समजून बसले होते.

नवीन येणाऱ्या पोरांना मी आता सांगते, टेस्ट लाल झाली तर आधी तिचं म्हणणं ऐका, तिला गप्प करू नका. आणि तिकिटात वर्कअराउंड लिहाल तेव्हा तो कोण आहे, हेही एकदा विचारून घ्या. पोरं मान डोलावतात. बहुधा कौस्तुभकडूनच शिकलेली असतात.

दर पंधरवड्याच्या मीटिंगला प्रणीत जुनी तिकिटं वाचून दाखवतो. परवा त्याने कोठीच्या फॉर्मचं वाचलं. बदल तयार आहे, टाकायचा बाकी आहे. कौस्तुभ म्हणाला, “तूच हात धुऊन मागे लागली होतीस ना? या पंधरवड्याच्या स्प्रिंटला टाकून टाकू.”

मला काकू आठवल्या, आणि स्वतःचीच लाज वाटली. पण शाहीनचा प्रश्नही आठवला.

“राहू दे,” मी म्हणाले. “पुढचं वाच.”