कुरडयांच्या कोपऱ्यातली गळती

रविवार, सकाळी नऊ, मुखेडच्या आमच्या घराची गच्ची. हजर: मी, सासूबाई आणि पहिल्यांदाच आलेले एक मिस्त्री. प्रश्न: गळका स्लॅब दुरुस्त करायचा की पाडून नवा टाकायचा? आधीचे दोघे खालूनच ओल बघून 'पाडा' म्हणाले होते आणि सासूबाई घर सोडायला तयार नव्हत्या.

हे मिस्त्री चप्पल काढून गच्चीभर फिरले. हातोडीच्या दांड्यानं ठोकत, डोळे मिटून आवाज ऐकत होते. एका कोपऱ्यात थांबले. "माय, कुरडया इथंच वाळवता का?"

"हाव. दरसाल."

कुरडयांखाली अंथरलेली साडी वाऱ्यानं उडू नये म्हणून सासूबाई तिथं खिळे ठोकत आणि नंतर उपटून घेत.

"छत मजबूत हाय. भोकं तुम्हीच पाडून राहिल्या. पाणी तिथूनच मुरतंय."

"मग कुरडया तुझ्या डोक्यावर वाळवू?"

"वाळवा की, टोपी काढतो!"

दुपारपर्यंत त्यांनी भोकं बुजवली. मिस्त्रींना विचारायच्या माझ्या यादीत छताचे सगळे प्रश्न होते. छतावर आम्ही काय करतो, हा नव्हता. त्यांचं नाव विचारायचंही राहिलं.

एक काम अजून बाकी आहे: सासूबाईंकडून खिळ्यांचा डबा काढून घेणे.